हेमराजची काठी

"दादा गेला. चार दिवसांचा ताप..." हेमराजची बहीण फोनवर एवढंच बोलली. त्याला महिना होत आला. खरं लिहायचं तर, रडू येण्याआधी मला आठवलं की त्याच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची राहून गेली.

आम्ही दोघंही आपापल्या घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच. मी आमगावचा, तो सडक अर्जुनीजवळच्या खेड्यातला. गोंदियात एका खोलीत राहायचो. मी पाठ करत बसायचो, तो डुलक्या घ्यायचा, आणि मार्क त्यालाच जास्त. मला हेवा वाटायचा. गेलेल्या माणसाचा वाटू नये... पण अजूनही वाटतो.

शेवटच्या वर्षी आम्ही निरोप पाठवणारी लायब्ररी लिहिली, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा कोड. ती चालायची, पण तासाभरात कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाऊन बंद पडायची. कुठेतरी गळती होती. मी दोन आठवडे ओळ न ओळ वाचली. हेमराज गावाहून येताना खाचा पाडलेली बांबूची काठी घेऊन आला.

"हे कायले बे?"

"बाबा तलावात रोवते. तलावाचं एकेक दार लावते अन् पाणी उतरते का पाहते, मंग गळती कुठं हाय ते समजते. तू नुसता वाचूनच राहिला!"

त्यानं प्रोग्रामचे सगळे भाग बंद केले, मग एकेक सुरू करत मेमरी किती चढली त्याच्या निळ्या पेननं काठीवर खुणा करत गेला. जेवणाआधी सापडलं. ज्याचं कनेक्शन मध्येच तुटायचं, त्याचा निरोप आमचा कोड धरून ठेवायचा, कधीच सोडायचा नाही. सोडण्याची ती ओळ मीच लिहायला विसरलो होतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या सरांनी विचारलं, "ये किसने ढूँढा?"

"मैंने," मी म्हणालो.

हेमराज शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाल, चहा पाज." नोकरीच्या मुलाखतीतही मी तेच सांगितलं. तो देवरीला पोरांना कॉम्प्युटर शिकवत राहिला.

तेरवीला ती पोरं हुंदके देत होती, तेव्हाही मनात आलं, माझ्यासाठी इतकं कोण रडेल?

त्याचे बाबा जवळ येऊन बसले. "हेमराज सांगे, कॉलेजातली गळती तूच शोधली."

"नाही काका. त्यानं शोधली."

ते उठून आत गेले आणि काठी घेऊन आले. "मले मालूम होते, बाबू. काठी तं मीच देल्ली होती."

ती आता माझ्या टेबलाशी उभी आहे. निळ्या खुणा फिकट झाल्यात. टेबल मी रोज पुसतो, काठीला फडकं लावत नाही.