अर्ध्या दाढीची बस

आमच्या शेजारच्या सलूनवाल्याला सगळे तुरा म्हणतात. जगाचे केस बसवतो, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक झुबका कायम उभा. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याचं दुकान पुढून निम्मं कापलं गेलं. आता गिऱ्हाइकाचं डोकं दुकानात आणि पाय फूटपाथवर. भाडं मात्र कापलं गेलं नाही, उलट वाढलं.

जुनी गिऱ्हाइकंही भाड्याला कंटाळून शेवटच्या स्टॉपजवळच्या नव्या वस्तीत गेली. बायको रोज म्हणायची, "आपणही तिकडेच जाऊ या."

"माळरानावर? दगडांची दाढी करू?"

"इथे तरी कोणाची करताय? महिनाअखेरपर्यंत बघीन, मग मी चालले माहेरी!"

मला कसं कळलं विचारू नका. दोन घरांत भिंत एकच आहे.

तुरा हट्टी. त्याने नवीन धंदा शोधला. दुकानासमोर सकाळी बसगाड्या तुंबतात, तर ड्रायव्हरांचीच दाढी करायची. परवा एक ड्रायव्हर उतरला. "उरका पटकन, अर्धा तास काही हलत नाही." एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस चढला आणि पोलिसाने शिट्टी मारली. मागून हॉर्नचा कल्लोळ. ड्रायव्हर गळ्यातल्या टॉवेलसकट पळाला!

"अहो, अर्धी राहिली! लोक मला नावं ठेवतील!" म्हणत तुरा मागोमाग बसमध्ये. दार बंद.

"तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"पैसे दुकानात राहिले. हातात फक्त वस्तरा आहे."

कंडक्टर दोन पावलं मागे सरकला.

"बसा हो, बसा," कंडक्टर म्हणाला. "खिडकीजवळ बसा."

शेवटच्या स्टॉपवर तुऱ्याने उरलेला गाल केला. एवढ्यात हाक आली, "अरे, तुऱ्या!" त्याचं जुनं गिऱ्हाईक, औषधवाले. केस पार कानांखाली. "तासभर बसमध्ये बसून तुझ्याकडे कोण येणार? वाढवले झालं." मागून पेन्शनर मास्तर आले, मग त्यांचे जावई. कोणीतरी घरून कात्री आणली, पत्र्याचा डबा पालथा घातला, त्यावर एकेक जण बसत गेला.

इकडे उघड्या दुकानात राखणीला मी. खुर्ची छान आहे हो, दोनदा डोळा लागला.

अंधार पडायच्या सुमारास स्वारी उगवली. मी घरी येते तोवर भिंतीपलीकडे बायको भडकलेली. "होतात कुठे?"

तुऱ्याचा आवाज एकदम खाली. "तिकडे सगळ्यांचे कान झाकलेत गं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोली बघ. जाऊ या."

इतक्या लवकर होकार मिळेल, असं तिला वाटलंच नव्हतं. तीच गडबडली. "अहो पण... इथलं पाणी, पोरीची शाळा, ही शेजारीण..."

"शेजारणीचं शेजारीण बघेल!" मी भिंतीतूनच ओरडले. "तू आधी हो म्हण!"

दोघं खदखदून हसली. मी दिवा मालवून पडले. नवं बिऱ्हाड येईल, ते भांडेल तरी की नाही, कोण जाणे.