जिन्यातली कुंडी

आमच्या जिन्याच्या वळणावर, खिडकीत, कुणीतरी घर सोडून जाताना मनीप्लांटची कुंडी ठेवून गेलं. जिना सगळ्यांचा, म्हणून कुंडी कुणाचीच नाही. सोसायटीच्या दर मीटिंगला मी तणतणते, "दाराबाहेरचं काही दिसतच नाही लोकांना!" आणि रोज सकाळी मुकाट्याने तिला तांब्याभर पाणी घालते.

तरी पानं पिवळी पडू लागली. परवा समोरच्या काकूंना तसं म्हटलं, तर त्या गोंधळल्या. "अगं, दुपारी मी न चुकता पाणी घालते. म्हटलं, कुणी बघत नाही बिचारीकडे." जिना उतरणारे वरचे काका थबकले. "म्हणजे? संध्याकाळी मी घालतो की!"

तिघंही कुंडीकडे बघत राहिलो. झाड तहानेने नव्हे, आमच्या काळजीने कुजत होतं. एका जिन्यात इतकी माया, आणि एकमेकांना तिचा पत्ता नाही!

आता वार वाटून घेतलेत. मंगळवार माझा. आज सोमवार, तरी सवयीने तांब्या घेऊन गेलेच. मातीत बोट घातलं, ओली होती. भरला तांब्या घेऊन परत फिरले.

रविवारी मीटिंग आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तणतणायला काही सापडत नाहीये.