पायांवर घेतलेला साप

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारणीचे स्वयंपाकघर दिसते आणि माझी मुलगी तिथे जाऊन बसली असेल तर तीही दिसते. ते पाहू नये असे मला पुष्कळदा वाटते. परंतु भांडी घासण्याची जागा नेमकी त्या खिडकीपाशी आहे.

त्या शनिवारी दुपारी मी कढई घासत होते. मुलगी शाळेचा जाड कोट घालून शेजारणीच्या टेबलाशी उभी होती. तिने कोटाच्या आतून उशीचा अभ्रा काढला आणि फार जपून टेबलावर ठेवला. शेजारणीने चष्मा चढवला. अभ्र्यातून साप बाहेर आला तशी मुलीने बाहीने डोळे पुसले. सकाळी मी तिला विचारले होते, "काय झालंय?" त्यावर "नथिंग" एवढेच उत्तर मला मिळाले होते. माझ्या घरात जे रडणे झाले नव्हते, ते तिथे झाले.

आम्ही कॉर्कला राहतो. मी रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. माझे यजमान डब्लिनला नोकरी करतात आणि त्या आठवड्यात ते घरी आले नव्हते. मुलगी सोळा वर्षांची. तिला कुत्र्यामांजरांच्या केसांनी धाप लागते, म्हणून दोन वर्षांपूर्वी हा केशरी पट्ट्यांचा, बिनविषारी साप आमच्याकडे आला. मी त्याला तोवर एकदाही हात लावला नव्हता. मी मराठीत विचारते आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देते, ही आमच्या घरची जुनी वहिवाट आहे. येथे तिचे बोलणे मी मराठीत लिहिते आहे, एवढेच.

शेजारीण एकटी राहते. तिची हयात जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून गेली. तिने स्वतः साप पाळलेले आहेत, ती पाव घरी भाजते आणि ती फार चांगली बाई आहे. तिच्याविरुद्ध माझ्याकडे एकही मुद्दा नाही, ही माझी खरी अडचण.

थोड्या वेळाने दोघी आमच्याच दारात आल्या. शेजारणीने गुडघा नुकताच बदलून घेतला होता, त्यामुळे ती जिना एकेक पायरी चढली. सापाच्या काचेच्या पेटीपाशी उभी राहून तिने हवा हुंगली.

"ते गुरगुरतंय ते काय?"

ते आमचे ओल शोषून घेणारे यंत्र होते. या देशात कपडे घरात वाळत घालावे लागतात आणि मग भिंतींना काळी बुरशी धरते, म्हणून ते यंत्र माडीवर अखंड चालू असे.

"आयर्लंडमध्ये राहून साप कोरडा पाडलात," ती म्हणाली. "हे जमवायला हुशारी लागते हं."

मुलगी हसली. माझ्या विनोदांना ती हसत नाही. मी यंत्र बंद केले.

मग शेजारणीने मला सापाची शेपटी दाखवली. कात अखंड मोज्यासारखी उतरायला हवी होती, ती तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. एका डोळ्यावर धुरकट टिकली राहिली होती आणि शेपटीच्या टोकाशी जुन्या कातडीची कडी आवळून बसली होती. डोळ्याला कोणी हात लावायचा नाही, ती टिकली पुढच्या कातेबरोबर बहुधा आपण होऊन जाईल, असे तिने सांगितले. शेपटीचे मात्र तसे नव्हते. ती कडी आजच सुटली नाही, तर टोकाचे रक्त थांबेल, टोक वाळेल आणि गळून पडेल.

"दुखेल त्याला?" मुलीने विचारले. तिने ते शेजारणीला विचारले.

"म्हणून तर आज काढायचं, पेट," शेजारीण म्हणाली. पेट म्हणजे इकडचे बाळ, सोन्या.

मी खाली गेले आणि खोबरेल तेलाची वाटी कोमट करून घेऊन आले. कोरड्या कातडीवर दुसरा कोणता उपाय असू शकतो, हे मला आजही सुचत नाही.

"तेल नको," शेजारीण म्हणाली. "नुसतं पाणी."

"मॅम," मुलगी म्हणाली. मॅम म्हणजे इकडची आई. या एका शब्दात ती किती सांगू शकते, याचे मला नेहमी नवल वाटते. मी वाटी खिडकीत ठेवून दिली.

मुलीने झाकणाच्या डब्यात ओला टॉवेल आणि कोमट पाणी घालून सापाला बराच वेळ भिजत ठेवले. तेवढ्यात मी चहा केला. शेजारणीला खाली बसणे शक्य नव्हते, म्हणून तिची खुर्ची न्हाणीघराच्या दारात मांडली. ती तिथून सांगणार, मुलगी करणार आणि मी टॉवेल धरून उभी राहणार, अशी कामाची वाटणी न बोलताच झाली.

टॉवेल धरून उभे राहणे मला नवे नव्हते. मुलगी जन्मली तेव्हा माझी आई अमरावतीहून येऊन सहा महिने राहिली होती. पुढेही ती दर उन्हाळ्यात येई. ती याच न्हाणीघरात फरशीवर पाय पसरून बसे, पोरीला दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत पालथी घाली आणि न्हाऊ घाली. पोरगी रडली की आई तिच्या वऱ्हाडीत म्हणे, "कायले रडतं वं माय, झालं नं आता." मी एकदा म्हणाले होते, "आज मी घेऊ का पायावर?" "तुह्या हातून सटकन ते," असे म्हणून आईने माझ्याकडे टॉवेल सोपवला होता. पुढे मी कामावर रुजू झाले आणि तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. आता आई नाही.

मुलीने सापाला टबात उतरवले. टबाचा तळ गुळगुळीत होता. सापाला कशाचाच आधार मिळेना. तो वळवळून घसरे आणि तिच्या मनगटाला विळखा घाली, की शेपटी नेमकी तिच्या दुसऱ्या हातातून निसटे. ती शेपटी धरायला गेली की डोके भिंतीकडे जाई. असे चारपाच वेळा झाले. शेजारीण खुर्चीतून पुढे झुकली, उठू पाहू लागली आणि गुडघा धरून पुन्हा खाली बसली.

"मला नाही जमत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरला होता आणि ती दाराकडे पाहत होती. माझ्याकडे नव्हे.

मी फरशीवर बसले. पाय लांब पसरले, घोटे जुळवले आणि हातातला टॉवेल टबात भिजवून नडग्यांवर अंथरला.

"इथे ठेव त्याला," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले आणि साप माझ्या पायांवर ठेवला. भीती वाटली नाही असे मी लिहिले तर ते खोटे होईल. ओल्या टॉवेलमधून त्याचे वजन जाणवले. ते हलत होते. मग त्याला ती खोबण सापडली आणि तो तिच्यात सरळ, लांब पडून राहिला. डोके माझ्या घोट्यांपाशी मुलीच्या तळहातात आणि शेपटी माझ्या मांडीवर.

"मस्त," दारातून शेजारीण म्हणाली. "आता ओल्या फडक्याने टोकाकडे. ओढायचं नाही. नुसतं चोळत राहायचं."

मी अंगठा आणि तर्जनीने चोळत राहिले. मुलगी त्याच्या डोक्यापाशी वाकली होती. सापाने एकदा अंग आक्रसले, तेव्हा ती अगदी हळू, सवयीने बोलावे तशी बोलली, "कायले भेतं रे माह्या राजा. झालं नं. मी आहो ना."

माझा हात थांबला. ही वऱ्हाडी मी पुण्याला शिकायला गेले तेव्हाच सोडली होती. मुलीला ती मी दिलेली नव्हती. मी विचारलेल्या साध्या जेवणाखाण्याच्या प्रश्नांना जिने वर्षानुवर्षे परक्या भाषेत उत्तरे दिली, ती बंद दाराआड रोज या सापाशी माझ्या आईच्या शब्दांत बोलत असली पाहिजे. आईला पोरगी मिळाली होती, सापाला ती भाषा मिळाली होती, शेजारणीला रडणे मिळाले होते. मी त्या न्हाणीघरात एकाच वेळी तिघांचा हेवा करीत होते, आणि त्यांपैकी एक माझ्या पायांवर पहुडला होता.

"काय म्हणतेय ती त्याला?" शेजारणीने विचारले. "छान वाटतं ऐकायला."

"इंग्रजीत नाही सांगता येणार," मी म्हणाले.

सांगता आले असते. मुलीने मान वर केली. मी खोटे बोलले हे त्या घरात तिला एकटीलाच कळले होते. ती पुन्हा सापावर वाकली आणि मी पुन्हा चोळू लागले. काही वेळाने ती कडी मऊ होऊन सरकली आणि फडक्यात आली. नखाएवढी पारदर्शक टोपी. खालचे टोक गुलाबी होते.

"ग्रँड," शेजारीण म्हणाली. मुलगी उठली आणि तिने जाऊन शेजारणीला मिठी मारली, कारण शेजारीण खुर्चीत होती आणि माझ्या पायांवर साप होता. निदान मी स्वतःला हेच कारण सांगितले.

पुढच्या कातेची मी वाट पाहत होते, हे मी कोणाला बोलले नाही. यंत्र बंदच ठेवले आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर बुरशी आली. सापाचे डोळे दुधाळ निळसर दिसू लागले तेव्हा मी एक जुना मऊ टॉवेल धुऊन हॉट प्रेसमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीजवळच्या उबदार कपाटात, वेगळा ठेवला. तो लागलाच नाही. सापाने कोणाचीही मदत न घेता एके सकाळी अख्खी कात टाकली, डोळ्यावरच्या त्या जुन्या टिकलीसकट. मी कामावरून आले तेव्हा मुलगी ती घेऊन शेजारणीकडे गेलेली होती. खिडकीतून मला दिसले, दोघी ती दिव्यासमोर धरून पाहत होत्या.

मी कोचावर पाय लांब करून बसले. दिवे लावले नाहीत.

ती परत आली, तिने दिवा लावला आणि ती कात माझ्या नडग्यांवर नीट सरळ पसरू लागली. घोट्यांपासून सुरुवात केली. गुडघे ओलांडले, मांड्या ओलांडल्या, तरी ती उरलीच आणि उरलेला भाग तिने माझ्या पोटावर ठेवला.

"आता तुझ्या पायांवर मावत नाही तो," ती इंग्रजीत म्हणाली. "पुढच्या वेळी कात अडली, तर तुला गुडघे दुमडता येणार नाहीत बघ."

"नाही दुमडणार," मी म्हणाले, आणि कात उडू नये म्हणून श्वास जपून घेऊ लागले.