आमच्या सोसायटीतला शून्य

गेल्या रविवारी ऐरोलीत, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात माझा आवाज चढला. तसा मी कुणाशी भांडत नाही, त्यामुळे वॉचमनही डोकावून गेला.

सोसायटीला पंचवीस वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघतेय. सेक्रेटरी म्हात्रे साहेबांनी एक पान वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, करोनाच्या कठीण काळात आपल्या सोसायटीत एकही मृत्यू झाला नाही, ही अभिमानाची गोष्ट. खाली टाळ्या वाजवणारे हात...

माझी आई करोनाने गेली. याच सोसायटीतून, बी विंगमधून. तिला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा म्हात्रे साहेब स्वतः गेटवर उभे होते.

मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "जाधव, आईंचं मला पन वाईट वाटतं. पन हा आकडा तुमच्याच एक्सेलमधला हाय."

खरं होतं. वैताग आहे तो हाच.

लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करायचो, म्हणून कमिटीने आकड्यांचं काम माझ्या गळ्यात टाकलं. रोज संध्याकाळी महापालिकेची यादी यायची... बेलापूर, नेरूळ, वाशी असं करत ऐरोली. त्यातले आपले पत्ते मी वेगळे काढायचो, ज्या विंगमध्ये पेशंट ती लाल करायचो आणि आठ वाजता तक्ता ग्रुपवर टाकायचो. दहा मिनिटं उशीर झाला की मेसेज यायचा, "जाधव, आजचा स्कोअर?"

स्कोअर म्हणे. चिडायचो, पण टाकायचो. माझा नियम एकच होता... यादीत असेल तेच घ्यायचं, ऐकीव काही नाही.

मग आईला ताप आला. हॉस्पिटलच्या काउंटरवर आधार कार्ड मागितलं आणि फॉर्म मी माझ्या हाताने भरला. घाईत कार्डावरचा पत्ता जसाच्या तसा उतरवला... माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावाचा.

आई तीस वर्षं ऐरोलीत राहिली, पण पत्ता बदलू दिला नाही. "गावच्या यादीतून नाव गेलं की आपण तिथले उरत नाही," असं म्हणायची. दर निवडणुकीला एसटीने गावी जाऊन मत देऊन यायची. आमच्याकडे प्रत्येक घरात असं एक तरी कार्ड सापडेल.

पाचव्या दिवशी ती गेली. त्या संध्याकाळच्या यादीत ऐरोलीपुढे शून्य मृत्यू होते. मी क्वारंटाईनमध्ये एकटा होतो, डोकं बधिर झालेलं... सवयीने तक्ता भरला आणि आठ वाजता टाकला. बी विंगसुद्धा पांढरीच राहिली. ग्रुपवर अंगठे आले.

तिकडे गावात वेगळाच प्रकार. तालुक्याच्या करोनाच्या यादीत आईचं नाव आलं म्हणून आमच्या बंद घराला लोकांनी पत्रे ठोकले, शेजारी चुलतभावाच्या दारालाही. त्याचा फोन आला, "काकू वरीसभर गावाला आली नाय, नि पत्रा आमच्या दाराला कशाला रे?"

आईची नोंद ऐरोलीत व्हावी म्हणून पुढे महिनाभर दोन्हीकडच्या ऑफिसांत फोन करत होतो. इथे सांगायचे, त्या तिकडच्या यादीत आहेत. तिकडे सांगायचे, त्या इथे राहतच नव्हत्या. दोन्हीकडचे लोक नीट बोलायचे आणि कागदाप्रमाणे दोघांचंही बरोबर होतं. आईच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदनाही मोबाईलवर उरकली आणि मी तो विषय बंद केला.

म्हणून रविवारी म्हटलं, "साहेब, हे पान असं छापू नका."

"मंग काय करू? शून्याचा एक करू? कमिटी प्रूफ मागंल."

"मी तिचा मुलगा आहे. अजून काय प्रूफ देऊ?"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "एक नको. दोन करा."

मुकादम भाभी. माझ्याच विंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या श्रीवर्धनकडच्या. पार्किंगच्या स्टिकरसाठी येऊन बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर त्याच महिन्यांत गेले होते, पण हार्ट अटॅकने... निदान आम्हाला तसंच माहीत होतं.

"ह्यांना करोनाच होता, भाऊ," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुमचा तक्ता रोज आठला यायचा. विंग लाल झाली की दूधवाला गेटवरनंच मागे फिरायचा, नि माझी सासू नुसत्या दुधावर होती. म्हणून हॉस्पिटलात पनवेलचा पत्ता दिला, माझ्या भावाचा. नि सगळ्यांना अटॅक सांगितला."

बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी गॅसचा नंबर कधी लावला ते सांगावं, तसं सांगितलं.

म्हात्रे साहेबांनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. इतकी वर्षं मी सगळ्या जगावर चिडून होतो की माझी आई कुणी मोजली नाही... आणि डोक्यावरच्या घरात माझ्याच तक्त्याला घाबरून एक मरण लपवलं गेलं होतं.

संध्याकाळी तीच एक्सेल फाईल उघडून आई आणि मुकादम अशा दोन ओळी वाढवल्या. मग एक मजला चढून भाभींकडे गेलो. माफी मागायची होती, पण नीट जमली नाही. दारातच उभा राहिलो.

भाभींनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "आईंशी शेवटचं बोलणं झालं होतं का तुमचं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. झालं होतं... तासभर बसून तेच सांगत होतो. मग त्यांनी मुकादमांचं सांगितलं.

भाभी, विचारलंत, आभारी आहे.