मामाचा पेला
मनुका उकळल्याचा वास आला की मला मामा आठवतो. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणून मनुकांचं पाणी असतं आणि तेव्हा ते आई करायची; आता मी करतो, म्हणजे पातेली करपवतो. मामा आईचा धाकटा भाऊ. लई प्यायचा, चिकलठाण्याच्या कारखान्यातली नोकरी त्यातच गेली. आई रोज पहाटे गुडघे टेकून त्याच्यासाठी रडायची आणि तोच दारात आला की म्हणायची, "तू काय सुधरत नसतो." एका रविवारी मात्र तो दाढी करून, गुलमंडीवरून घेतलेला पांढरा शर्ट घालून उपासनेला आला. दारू सोडून महिना झाला होता. प्रभुभोजनाला तो पुढं जाऊन आईशेजारी गुडघ्यांवर बसला. पाळकांनी द्राक्षारसाच्या पेल्यांचं तबक पुढं केलं, मामानं थरथरत्या हातानं इवलासा पेला उचलला. आई डोळे पुसत होती, पण जिभेला सवय पडलेली. हळूच म्हणाली, "बघू, किती दिवस टिकतंय." मामानं पेला तसाच भरलेला तबकात ठेवला. "अक्का, तुला बी वाटत नाय ना?" म्हणाला आणि उठून गेला. तो पुन्हा चर्चला आला नाही. आई पहाटे रडतच राहिली, मामा वारला त्या दिवसापर्यंत. हल्ली तबक फिरवायचं कामही माझ्याकडं आहे. एखाद्याचा हात पेला घेताना थरथरला की त्याला धीराचं काही बोलावंसं फार वाटतं. पण जीभ आईवर गेलीय, म्हणून मी नुसतं "घ्या" म्हणतो आणि त्यानं पेला ओठांना लावेपर्यंत तिथंच थांबतो.