इंग्लंडचा राजा खाली बसतो

शाळेच्या नाटकात 'वन्स मोअर' ओरडणारा मिशिगनमधल्या ट्रॉय गावातला एकमेव माणूस बहुधा मीच असेन.

नाटक ऐन रंगात आलं होतं. राणी गेल्याची बातमी ऐकून इंग्लंडच्या राजानं मुकुट काढला होता, सभागृह चिडीचूप होतं, आणि माझ्या तोंडून खणखणीत निघून गेलं, "वन्स मोअर!" पुढच्या रांगेतले चारपाच गोरे चेहरे मागे वळले. बायकोनं मांडीला चिमटा काढला. राजाचे कान लाल झाले. राजा म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं चौदा.

सवयीला औषध नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत हेडक्लार्क होते आणि कचेरीच्या नाट्यमंडळात राजे. त्यांची नाटकं बघतच मी वाढलो. आमच्याकडे एखादा प्रवेश रंगला की वन्स मोअर पडतो, आणि रणात पडलेला सरदारसुद्धा उठतो, धूळ झटकतो, तेच भाषण पुन्हा करतो आणि पुन्हा पडतो. इंग्लंडच्या राजानंही तेवढं करायला हरकत नव्हती.

अण्णा त्या वेळी माझ्या शेजारीच बसले होते. हे सगळं सांगायचं ते त्यांच्यासाठीच.

आई आदल्या जूनमध्ये गेली. मी तिकीट मिळवून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "आलास? हातपाय धू." भेटायला येईल त्याला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, जाताना फाटकापर्यंत सोडायला जायचं. दिवसकार्य उरकेपर्यंत त्यांना टेकलेलं असं मी पाहिलंच नाही, आणि डोळ्यांत पाणी तर नाहीच नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! मीही मान डोलावली.

पानगळीच्या सुमारास त्यांना इकडे आणलं. इथेही तेच. हॉलच्या खिडकीशी हात मागे बांधून दिवसभर उभे. समोर आधी पानं, मग बर्फ.

"अण्णा, बसा ना जरा," बायको म्हणायची.

"बसतो, बसतो."

जेवण अर्ध्या पोळीवर आलं. आईचा विषय निघाला की ते हवामानाचा काढायचे. मार्चचं परतीचं तिकीट हातात होतं, आणि तिकडे त्या रिकाम्या घरात एकटं राहायचा हट्ट कायम होता.

"अण्णा असंच सगळं आतल्या आत ठेवून परत गेले," बायको एकदा भांडी विसळताना हळूच म्हणाली, "तर तिकडे कसे जगतील हो?"

मी काय सांगणार? मी मोटारीच्या कारखान्यातला इंजिनिअर. गाडीचा दरवाजा का कुरकुरतो, एवढंच मला सांगता येतं.

अशात मुलीला राजाचं काम मिळालं. नाटकाला मुलगे फारसे आले नव्हते आणि हिचा आवाज मोठा. तो माझ्याकडून आलेला, हे वर आलंच आहे. शाळेतल्या ड्रामाच्या बाईंनी नाटक स्वतःच लिहिलं होतं. राजा कुठला, ते आता आठवत नाही. त्यांच्याकडे एकाच नावाचे इतके राजे, की त्यांना नंबर द्यावे लागतात.

'राजा' हा शब्द ऐकला आणि अण्णा खिडकीपासून हलले. कमरेला लाटणं खोचून आमच्या कार्पेटवर चालून दाखवू लागले.

"आधी नजर वळते. मग मान. मग राजा. घाई नाही करायची."

इंग्रजांचा राजा मात्र अण्णांच्या अख्ख्या कारकिर्दीत कधी रंगमंचावर आला नव्हता. आमच्या ऐतिहासिक नाटकातला इंग्रज म्हणजे तोंडाला पांढरा रंग फासलेला, 'टुम' 'हाम' करणारा लाल कोटातला साहेब. दरबारात यायचं, वाकायचं, हशा घ्यायचा आणि जायचं. त्याचा राजा साता समुद्रांपलीकडे. तेव्हा अण्णांची कल्पना अशी, की नोकर जर एवढा माजलेला, तर मालक केवढा असेल!

म्हणून नाटकाची गोष्ट ऐकल्यावर ते हादरलेच. हा राजा घाबरायचा. चुकायचा. प्रधानाला सल्ला विचारून त्याच्या नेमकं उलट वागायचा. आणि राणी गेल्याचं कळल्यावर चक्क जमिनीवर बसायचा.

"असले राजे?" अण्णा म्हणाले. "आणि ह्यांनी आपल्यावर राज्य केलं?"

"आजोबा, ही इज सॅड."

"असेना सॅड. राजा बातमी उभ्यानं ऐकतो. तलवारीवर हात ठेवायचा आणि पुढचा हुकूम द्यायचा. आमच्या नाटकात पोटचा मुलगा पडल्याची बातमी येते, तरी राजा उभा. टाळ्या तिथंच पडतात."

"पण मग ही क्राइज व्हेन?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग लाटणं कमरेतून काढून ओट्यावर ठेवून आले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले.

प्रयोगाच्या दिवशी आमच्या जुन्या मखमली पडद्याचा झगा घालून, दाढी चिकटवून ती आली. आधी नजर, मग मान, मग राजा. हुबेहूब अण्णा. दूत आला, गुडघ्यावर बसून त्यानं बातमी सांगितली. तिनं आजोबांचं ऐकलं. ताठ उभी राहिली, तलवारीवर हात ठेवला, हुकूम द्यायला तोंड उघडलं. आणि हुकूम काही निघेना. मग तिनं मुकुट काढला. तो कुठं ठेवावा हे सुचेना, तसा हातातच धरून ती हळूहळू खाली बसली, आणि इथंच माझ्या तोंडून निघून गेलं: "वन्स मोअर!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून राजाकडे बघत होते.

परतताना गाडीत मुलीनं मला फैलावर घेतलं. "बाबा, हू डझ दॅट? त्याची वाइफ मेलीय, अँड यू वाँट इट अगेन?"

"चुकलं," मी म्हणालो.

मागच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला. "राणी गेल्यावर राजाच्या जेवणाचं कोण बघतं, ते नाही दाखवलं नाटकात."

"आय डोंट नो, आजोबा. सर्व्हंट्स?"

"असतील."

घरी आलो. दार उघडलं की आमच्याकडे बूट काढायची चिंचोळी जागा आहे. माझा ओव्हरकोट अण्णांच्या अंगावर नुसता लोंबत होता. भिंतीला हात लावून त्यांनी एक बूट काढला. दुसऱ्याला हात घातला आणि पाठ भिंतीला घासत खाली आले. बर्फाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या त्या फरशीवरच बसले. मला वाटलं, पाय घसरला, लागलं. मी खुर्ची आणायला धावलो.

डायनिंग टेबलाची खुर्ची ओढतोय, तोवर हुंदक्यांचा आवाज कानावर आला. अण्णांचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. रंगमंचावर नाही, घरात नाही.

परत येऊन बघतो, तर मुलगी झग्यासकट त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलेली. दाढी एका बाजूनं सुटून लोंबतेय, आणि अण्णांनी तिचा हात धरलाय.

"मी उभाच राहिलो गं," ते तिला सांगत होते. "तुझी आजी गेली, आणि मी नुसता उभा. लोकांना चहा देत राहिलो. उभाच."

"इट्स ओके, आजोबा."

"ती असती तर म्हणाली असती, टेका जरा."

मी खुर्ची घेऊन दारात उभा. त्यांना काखेत हात घालून उठवावं, खुर्चीवर नीट बसवावं, कोरडं काहीतरी द्यावं, असं सगळं माझ्या डोक्यात. "अण्णा, उठा, फरशी गार आहे," असं म्हणत मी पुढं झालो, तर बायकोनं मागून माझी बाही धरली.

"ती खुर्ची ठेवा आधी," ती म्हणाली. "बसलेत ते."