एका ओळीतली बाग

हेमचंद्र आष्टीकरांची सारी नोकरी तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या कागदांच्या नकला उतरवण्यात गेली. तिथला पहिला धडा त्यांच्या अंगात मुरला होता. नकलेत कोरी जागा सोडायची नाही. ओळ अर्धी राहिली तर आडवी रेघ मारून भरायची, नाहीतर मागून कोणीतरी एखादं नाव घुसडतो आणि भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत बसतात. निवृत्तीनंतर शहरात मुकुंदवाडीजवळ घर बांधलं, तरी खोड गेली नाही. किराण्याच्या चिठ्ठीखालीही ते रेघ ओढत. "वाणी काय साखरेत वाटणी मागणार आहे?" असं त्यांच्या पत्नी उमाताई विचारायच्या. हेमचंद्र ऐकू न आल्यासारखं करत.

दोन हजार बारा साली पाऊस नावापुरताच झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाचोडच्या तात्यासाहेबांनी टँकरच्या पाण्यावर धरून ठेवलेली मोसंबीची बाग शेवटी तोडली. तात्यासाहेब म्हणजे हेमचंद्रांचे कचेरीपासूनचे स्नेही. मुलगा सार्थक शहरात नोकरीला होता, त्यानं वडिलांना आपल्या फ्लॅटवर आणलं. तो फ्लॅट हेमचंद्रांच्या मागच्याच गल्लीत, जिथं परवापरवापर्यंत ज्वारी उभी असायची. शहरात आल्यापासून तात्यासाहेब बोलेनासे झाले. "जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात," सून मोनिका सांगायची, "पण तोंडातून शब्द नाही, काका."

एका दुपारी हेमचंद्रांनी सहज विचारलं, "तात्यासाहेब, तुमची ती विहिरीकडची झाडं कुठल्या कलमांची हो?" आणि म्हातारा बोलायला लागला. मग रोज दुपारी हेमचंद्रांकडं यायला लागला. कुठलं कलम कुणी दिलं, कुठल्या झाडाची फळं कुणाच्या लग्नात गेली, सगळं सांगायचा. "लिव्हा भाऊसाहेब," म्हणायचा. गावाकडं कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. हेमचंद्र कॉम्प्युटरवर लिहून घ्यायचे. दुपारचं एवढं बोलणं, हेच त्या माणसाचं जिवंत असणं उरलं होतं, आणि हे दोघांनाही कळत होतं.

पण कॉम्प्युटर मेला नाठाळ निघाला. व्हायरसनं वैतागून पुण्याच्या पुतण्यानं, शंतनूनं, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. त्यातला लिहायचा साधा प्रोग्रॅम, टेक्स्ट एडिटर, पहिले काही आठवडे बरा चालला. मग अडखळायला लागला. अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटायची वाट बघत बसावं. मग लिहायची अख्खी खिडकी पडद्यावर करडी पडायची आणि पाटी यायची, की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही, थांबायचं की सक्तीनं बंद करायचं? हेमचंद्र थांबायचे. तात्यासाहेबही थांबायचे, बोट हवेत धरून. थांबता थांबता त्यांच्या बोलण्यातली धुगधुगी विझायची.

हेमचंद्रांनी करायचं ते सगळं केलं. फॉन्ट बदलला. शुद्धलेखन तपासणी बंद केली. शंतनूच्या सांगण्यावरून एडिटर काढून पुन्हा घातला, मग अख्खं लिनक्स पुन्हा घातलं. औरंगपुऱ्यातल्या दुकानात रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा नेला, तर दुकानदारानं नवी रॅम बसवली आणि 'अब मक्खन चलेगा' म्हणाला. घरी आल्यावर दुसऱ्याच वाक्याला खिडकी करडी. नवी फाईल उघडली की मात्र घोडं कसं चौखूर उधळायचं. म्हणजे दावा नेमका बागेच्या फाईलवरच. हेमचंद्रांना त्या डब्याचा असा संताप यायचा, की उमाताई म्हणायच्या, "अहो, टँकरवाल्यावर ओरडा त्यापेक्षा. तो निदान ऐकतो तरी."

सगळ्यात वाईट म्हणजे सेव्ह करायला गेलं की हमखास अडकायचं. त्यामुळे तात्यासाहेब रंगात असले की ते सेव्ह करायचं टाळत. आणि नेमक्या अशाच एका दुपारी तात्यासाहेब न विचारता बाग तोडल्याच्या दिवसावर आले.

"सकाळी टँकर मागिवला. एकेका झाडाला पानी घातलं. करवतवाला म्हनला, तात्या, तोडायची तर पानी कशाला? म्हनलं, तहानलेलं झाड तोडू नाय. पानी जिरंपर्यंत बसलो दोघं बांधावर..."

ते कितीतरी वेळ सांगत राहिले. हेमचंद्र खाली मान घालून टाईप करत राहिले. मान वर केली तेव्हा खिडकी करडी होती. थांबा, थांबा, थांबा. शेवटी सक्तीनं बंद. उघडून बघतात तर त्या दिवसातला एक शब्दही नाही.

"तात्यासाहेब, परत एकदा..."

"ते एकदाच सांगायचं व्हतं," तात्यासाहेब म्हणाले आणि चप्पल घालून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मोनिका सांगून गेली, की पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसतात. 

हेमचंद्रांनी शंतनूला फोन लावला तो भांडायलाच. शंतनूनं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, फाईल उघडा. एडिटरच्या खालच्या पट्टीवर ओळ कितवी दाखवतंय?"

"एक."

"अगदी शेवटी जा."

जायला बराच वेळ लागला. "एक."

"काका, तुम्ही एंटर कधी दाबलंच नाही?"

"एंटर कशाला दाबू? ओळ आपोआप खाली येते की. उगाच कोरी जागा सुटते त्यानं."

पलीकडे शंतनू हसायचा थांबेना. मग म्हणाला, "अहो, ती नुसती खाली आल्यासारखी दिसते. आख्खी बाग एका ओळीत लावलीय तुम्ही. एक अक्षर घातलं, की त्या बिचाऱ्याला पूर्ण ओळ पुन्हा मांडावी लागते."

हेमचंद्रांना हसू आलं नाही. एवढे दिवस ज्याला शिव्या घातल्या तो डबा निर्दोष होता, आणि म्हाताऱ्याचं तोंड मिटलं ते आपल्या शहाणपणानं. याचा राग कुणावर काढणार? मग ते बसले, आणि एकेका झाडानंतर एंटर दाबत गेले. पहिल्या काही एंटरांना डबा कण्हला, मग हळूहळू मोकळा झाला. तोडल्याच्या दिवसापाशी मात्र त्यांचा हात थांबला. टँकर, करवतवाला, बांध, सगळं आठवत होतं. पण कचेरीचा दुसरा धडा होता, की मूळ समोर असल्याशिवाय नक्कल करायची नाही. त्यांनी एंटर दाबत पान तेवढं मोकळं सोडलं.

छापलेले कागद घेऊन ते तात्यासाहेबांकडं गेले आणि शेजारी बसून एकेक पान वाचून दाखवलं. तात्यासाहेब भिंतीकडं बघत ऐकत होते. वाचणं मध्येच थांबलं, तशी त्यांनी मान वळवली आणि कोऱ्या कागदावर हात फिरवला.

"इथं काय?"

"तिथं तुमचा तो दिवस आहे. तुम्ही सांगाल तर लिहीन. मनानं लिहिणार नाही."



"ऱ्हाऊ द्या तसंच," तात्यासाहेब म्हणाले. "बागंच्या जागी बी आता असंच हाय."

सवयीनं हेमचंद्रांचा हात रेघ मारायला खिशातल्या पेनाकडं गेला. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

"उद्या येतो मी," तात्यासाहेब म्हणाले. "विहिरीचं सांगायचं राह्यलंय."